इसाराचा डबा

अकोला
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

जय भीम. तुला आणि धर्मेंद्ररावांना आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा कमी कुरकुरतो असं तूच म्हणशील.

फोनवर तू नेहमी ऑफिसात असतेस आणि मी घाईत भलतंच बोलतो, म्हणून लिहीत आहे.

धर्मेंद्ररावांना सांग, विजेची नवी गाडी ओल्या हाताने चार्जिंगला लावू नका. रात्रभर लावून झोपू नका. पेपरात आलं आहे की विजेच्या गाड्या काढायला मोठमोठ्या कंपन्यांनी डोंगराएवढं कर्ज काढलं आहे. कारखाने नवे, बॅटऱ्या नव्या. गाड्या म्हणाव्या तशा खपल्या नाहीत तर भाव पाडतात, आणि भाव पाडला की काल घेतलेली गाडी आज जुनी होते. धर्मेंद्रराव म्हणतात बॅटरीची आठ वर्षांची हमी आहे. पण हमी देणाराच कर्जात असेल तर हमीची हमी कोण देणार? मी सातवीपर्यंत शिकलो, मला एवढंच समजतं. त्यांना वाईट वाटेल असं सांगू नकोस.

आता आपल्या गाडीचं. तू म्हणतेस, "बाबा, डिझेलची गाडी आता कोणी घेणार नाही, लवकर विका." विकायलाच काढली आहे. जठारपेठेत जुन्या गाड्यांचा धंदा करणारा गोवर्धन आहे ना, त्याच्याकडे सांगून ठेवलं आहे. तो म्हणतो दिवाळीपासून डिझेलचा भाव उतरतच आहे. जो येतो तो विजेची आहे का विचारतो, आणि विजेची जुनी दाखवली तर बॅटरी किती उरली म्हणून पळून जातो. गोवर्धन दोन्ही बाजूंनी रडतो.

तू मागच्या वेळी आलीस तेव्हा ओट्यावरचा स्टीलचा डबा पाहून विचारलंस, हा कोणाचा, यावर 'केशर' नाव कोरलं आहे. तेव्हा मी चहा ठेवायला गेलो आणि राहून गेलं.

तो एका गिऱ्हाइकाचा आहे. केशरबाई म्हणून आहेत, मूर्तिजापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. त्यांचे यजमान फार मागे वारले. रिटायर झाल्यावर त्यांनी ड्रायव्हिंगचं लायसन काढलं, आणि हात बसवायला जुनी गाडी पाहिजे म्हणून गोवर्धनकडे आल्या. त्याने माझी दाखवली. मी पाटबंधारे खात्याची जीप तीस वर्षं चालवलेला माणूस, गाडी कशी ठेवली आहे ते त्यांना लगेच समजलं. ट्रायलला बोरगाव मंजूपर्यंत गेलो. तिथे झाडाखाली त्यांनी जेवणाचा डबा उघडला. तुरीच्या सोल्यांची भाजी होती. मी नको म्हणत होतो.

गाडी पसंत पडली. इसार द्यायला त्यांनी फोन काढला, पण फोनमध्ये पैसे घेण्याचं तू जे बसवून दिलं होतंस ते मी चोरीच्या भीतीने काढून टाकलं आहे. रोख त्यांच्याजवळ नव्हती. म्हणाल्या, "मंग हा डबा ठेवा इसार म्हणून. भाव नंतर ठरवू."

मी ठेवून घेतला. एवढंच आहे.

इसार घेतला की माल दुसऱ्याला दाखवायचासुद्धा नाही, ही आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. म्हणून गाडी अजून दारात आहे.

थंडीत कान बांधून जात जा.

तुझे बाबा


अकोला
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

जय भीम. तू रागावली आहेस ते फोन ठेवण्याच्या आवाजावरून समजलं.

धर्मेंद्ररावांनी पाठवलेले चांदूर बाजारचे नितेशभाऊ आले होते. माणूस भला. शेतावर, कच्च्या रस्त्यावर डिझेलच पाहिजे म्हणाले. गोवर्धनच्या भावापेक्षा जास्त द्यायला तयार होते, रोख, त्याच दिवशी. मी त्यांना चहा पाजला आणि गाडी देता येत नाही म्हणून सांगितलं. इसार झाला आहे. ते म्हणाले, "कितीचा इसार?" मी डबा दाखवला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

धर्मेंद्ररावांचा शब्द खाली पडला, याचं मला वाईट वाटतं. पण मी काय करू?

गोवर्धनला सांगितलं तर तो दुकानाबाहेर येऊन हसला. सगळ्या जठारपेठेला ऐकू जाईल असा. "भाव ठरल्याबिगर इसार? मोतीरामभाऊ, तुमी गाडी विकून राहिले का सोयरीक करून राहिले?"

मला फार राग आला. मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी गेलो, कारण भाव विचारायचा होता. आणखी उतरला आहे. कोणत्या तरी कंपनीने विजेचं नवं मॉडेल स्वस्त काढलं आहे, त्याने जुन्या सगळ्या गाड्या खाली आणल्या. हे मी केशरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग थांबू अजून." मीही म्हणालो, थांबू. पुढे डिझेलच्या गाड्या निघणंच बंद झालं तर जुनीला भाव चढेल. त्या उतरायची वाट पाहतात, मी चढायची पाहतो. तोवर ट्रायल चालू आहे.

ट्रायल म्हणजे रविवारी. त्यांचा हात अजून कच्चा आहे. प्रत्येक पुलाजवळ गाडी थांबवतात, पुलाकडे पाहतात, मग नेतात. मागून ट्रक हॉर्न देतो. मी घाबरतो, त्या नाही. मागच्या रविवारी मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळांजवळ गाडी बंद पडली. रूळ गवतात गेले आहेत. मी म्हणालो, लवकर काढा, रूळ आहेत. त्या म्हणाल्या, "ज्या गाडीले भेऊन राहिले ते गाडी कईची बंद झाली. तुमी येणाऱ्याले बी भेता अन् गेलेल्याले बी भेता!" आणि गाडी पुन्हा सुरू करताना एवढ्या हसल्या की क्लच सुटला.

मीही हसलो. घरी आल्यावर लक्षात आलं की फार दिवसांनी गालाला ताण बसला.

तुझी आई गेल्यावर गाडीत बाजूच्या सीटवर मी भाजीची पिशवी ठेवत होतो. भाजी नसली तरी पिशवी ठेवत होतो, ती सीट रिकामी दिसू नये म्हणून. हे तुला आधी सांगितलं नव्हतं. आता पिशवी मागे असते.

आणखी एक. त्या आधी मला मोतीरामभाऊ म्हणत होत्या, आता डायवरसाहेब म्हणतात. का ते विचारलं नाही.

तूर भरडून झाली, डाळ पाठवतो. रागात डाळ परत करू नकोस.

तुझे बाबा


अकोला
सोमवार, ७ एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्ना,

जय भीम. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे फाडणार नाही, कारण कागद संपला.

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, त्या बाई तुम्हाला खेळवून राहिल्या आहेत. भाव शून्यावर यायची वाट पाहत आहेत, मग गाडी फुकट नेतील." मी फोन ठेवला. पण तो काटा बसला. काल सकाळी एकटाच गाडी घेऊन मूर्तिजापूरला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो.

केशरबाई गच्चीवर कुरडया वाळवत होत्या. मी चप्पल न काढता तसाच उभा राहिलो आणि विचारलं, "तुमी खरंच भाव उतरायची वाट पाहून राहिल्या का?"

त्या म्हणाल्या, "हो."

मी म्हणालो, "काहून?"

"गाडीले भाव असला तं मले इकत घ्या लागते. इकत घेतली म्हंजे गाडी माझी, अन् तुमी आपले बसनं अकोल्याले. मंग रविवारी कोण येते? भाव गेला म्हंजे इकाचं कामच नाही. गाडी तुमचीच राहते, अन् मी बाजूले."

मी खाली बसलो. हाताला काम हवं म्हणून कुरडई उलटवली, ती तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली.

"कुरडया सोडा, डायवरसाहेब. मनात काय आहे थे बोला."

मी बोललो ते असं : "अन् विजेच्या गाड्यायनं भाव अजून पाडला तं?"

"तं त्या कंपनीवाल्यायले पेढे पाठवू! कर्ज त्यायनं काढलं, अन् काम आपलं झालं."

ज्योत्स्ना, एवढी वर्षं मी कर्जाच्या बातम्या वाचून घाबरलो. कर्जाच्या बातमीवर हसू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. शेजारची बाई गच्चीवर येऊन पाहून गेली, एवढे आम्ही दोघे हसलो.

मग मी म्हणालो, पोरीला विचारावं लागेल. त्या लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "इचारा. पोरीनं हो म्हटल्याबिगर मी त्या सीटवर बसत नाही." त्यांना बाजारात जायचं होतं, मी सोडतो म्हणालो. तर खरंच मागे बसल्या. मी पुढे एकटा, त्या मागे, आरशात त्यांची फक्त टिकली दिसत होती. अधिकाऱ्यांना मागे बसवून मी उभा जन्म गाडी चालवली, पण एवढं अवघडलेलं कधी चालवलं नाही.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे, त्या एकसष्ट. लोक काय म्हणतील हे मी तुझ्याआधीच मोजून बसलो आहे. तुझ्या आईची जागा कोणाची होत नाही. पण गाडीला पुढे दोन सीट असतात, आणि मला तिथे पिशवी ठेवायचा कंटाळा आला आहे.

या पत्राबरोबर डबा पाठवत आहे. तोच, केशर नावाचा. त्यात जवसाची चटणी आहे, मी स्वतः कुटली आहे, मीठ जास्त पडलं असेल. कोणाचा डबा रिकामा परत करू नये, ही तुझ्या आईची शिकवण. तू तिचीच मुलगी आहेस. पण तुझ्या मनाला हे पटत नसेल तर बोलू नकोस, भांडू नकोस, फक्त डबा रिकामा पाठव. मी समजेन. तसाच नेऊन केशरबाईंच्या हातात देईन. इसार परत केला की सौदा मोडला, तेवढं त्यांनाही समजतं. नितेशभाऊंना फोन करून गाडी देऊन टाकीन.

घाई नाही. पण मी रोज दारात पाहत असतो.

तुझे बाबा


अकोला
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्ना,

डबा पोचला.

धर्मेंद्रराव स्वतः घेऊन आले. गाडी दारात आली ते मला समजलंच नाही, तिला आवाजच नाही. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला तेव्हा मी झाकणाकडे पाहत बसलो, उघडायचा धीर होईना. धर्मेंद्रराव म्हणाले, "बाबा, उचलून तरी पहा."

उचलला. जड होता.

तुझ्या हातचे डिंकाचे लाडू, तेही उन्हाळ्यात! डिंक उन्हाळ्यात बाधतो हे तुला माहीत नाही का? मी तीन खाल्ले.

आणि डबा फिरवला तेव्हा दिसलं. जुन्या घासलेल्या 'केशर'खाली नवं, चमकणारं 'मोतीराम'. धर्मेंद्रराव म्हणाले, अमरावतीच्या भांड्याच्या दुकानात तू उभी राहून कोरून घेतलंस, आणि अक्षर वाकडं आलं म्हणून दुकानदाराशी भांडलीस. भांडायला नको होतं. वाकडं चालतं. पण माझे डोळे भरून आले, आणि धर्मेंद्ररावांना वाटलं मी ठसक्याने रडतो, त्यांनी पाठीवर थोपटलं.

त्यांची गाडी आमच्या ओसरीतल्या पॉइंटवर चार्जिंगला लावली होती. मी वाळकी लाकडी काठी घेऊन बाजूला बसून राहिलो, कोणाला शॉक लागला तर ओढता यावं म्हणून. ते हळूच म्हणाले, "बाबा, माझ्या गाडीचाही भाव पडला. कंपनीने नवीन मॉडेल माझ्यापेक्षा स्वस्त काढलं." बिचारे खरंच हिरमुसले होते. मी त्यांना केशरबाईंचा सल्ला सांगितला : विकायची नसेल तर भाव पाहायचा नाही, बाजूला कोण बसलं आहे ते पाहायचं. ते तुला सांगतो म्हणाले. सांगितलं का?

बुद्धपौर्णिमेला विहारात साधं लग्न करावं असं आमच्या मनात आहे. माणसं थोडी. तुम्ही दोघे सकाळीच या. येताना चार्जिंग पूर्ण करून निघा, मूर्तिजापूरजवळ बंद पडली तर आम्हीच न्यायला येऊ. आता आमच्याकडे दोन ड्रायव्हर आहेत.

गोवर्धनला गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ओळखलं होतं तर मला का नाही सांगितलं?

पत्राचा हा शेवट मूर्तिजापूरला थांबून, बॉनेटवर कागद ठेवून लिहीत आहे. पोस्टाच्या पेटीत टाकायला निघालो आहोत. खालची ओळ माझी नाही.

तुझे बाबा

पोरी, आज पुढं बसली. — केशर