हैज्यात किंगरी

११ ऑगस्ट १९७८
बंदी! गावात हैजा, कॉलऱ्याची साथ, म्हणून बाबांचे किंगरी वाजवणे बंद. लसीच्या कॅम्पच्या साहेबांनी दवंडी पिटवली – मयताच्या घरी आम्हा परधानांनी जायचे नाही. देवरीचा बाजार मात्र भरतोच. बाजारात हैजा जात नाही वाटते!

बाबा जेवले नाहीत. गोंड यजमानाकडे कोणी वारले की परधानाने अंगणात किंगरी वाजवून कुळाची नावे घ्यायची. मग गेलेला माणूस पूर्वजांत जाऊन बसतो. नाही घेतली तर बाहेरच राहतो.

१३ ऑगस्ट
शेजारच्या सुंदरबाई गेल्या. नावे झाली नाहीत.

१४ ऑगस्ट
सुई टोचून घ्यायला कोणी येईना. कॅम्पवाले दिसले की गाव जंगलात. साहेब आज आमच्या दारात! म्हणाले, गोंडीत सुईचे गाणे म्हणा. पिसे लावून नाचणारी पोरेही हवीत, फोटो काढायचा आहे.

बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "पिसं कोंबड्याले शोभतेत. मी परधान आहो. पयले मेलेल्याचं नाव, मंग तुमची सुई."

"गर्दी होईल."

"मी एकटाच उभा रायतो जी. लोकं आपापल्या अंगणात बसतीन."

साहेब शेवटी 'बरं' म्हणाले. मला हसू आवरेना!

१६ ऑगस्ट
सुंदरबाईंच्या अंगणात किंगरी वाजली! बाबांनी साऱ्या पिढ्या गोंडीत म्हटल्या. शेवटी स्वतःची ओळ जोडली – सुंदरबाईला सुई मिळाली नाही, तुम्ही घ्या. पाणी उकळून प्या. त्यांचा मुलगा बाबुलाल रडला आणि त्यानेच पहिला दंड पुढे केला. मागून सगळा टोला, उभी वस्तीच. असा बाप कुणाला आहे? मला आहे!

२१ ऑगस्ट
बाबा रोज घरोघरी. आवाज बसला. आई ओरडते, "लोकायले उकळून प्या सांगता, अन् तुमी?" यजमानाने पुढे केलेला तांब्या परधान परत करत नाही. बाबा म्हणतात, "सुई घेतली न मी." आईचेच खरे आहे. पण त्यांना कोण समजावणार!

२४ ऑगस्ट
बाबा गेले. हैजाच.

गावात परधानाचे घर आमचे एकच. संध्याकाळी सगळे यजमान आपापल्या अंगणात बसले, आमच्या दाराकडे तोंड करून. बाबुलाल म्हणाला, "वाजव, बाई."

आमच्यात किंगरीला बाईचा हात लागत नाही. मी वाजवली. बाबांचे नाव शेवटी घेतले, मोठ्याने.