न गळणारा घुमट

२९ सप्टें. ४८
फौज आल्यावर आज पहिल्यांदा घुमटाकडे गेलो. अकरा वर्षं इथला सरकारी राखणदार मी, आणि गावात मुसलमानांची मारझोड सुरू झाली तशी बायकोला घेऊन औरादला पळालो. कुलूप तुटलेलं. आत लोक लपून राहिले असणार. तीन दगडांची चूल, राख, फुटकी घागर. पश्चिमेची भिंत धुराने काळी, तिच्यावर कोळशाने उर्दूत काहीबाही. मला उर्दू येत नाही.
निजामी गेली म्हणून गावात साखर वाटली. घेतली. उस्मान मिस्त्रीचा पत्ता नाही. इतकी वर्षं ह्या घुमटाची डागडुजी आम्ही दोघांनीच केली.

३० सप्टें.
भिंत धुतली. रिठ्याचं पाणी, काथ्याचा कुंचा, वरून खाली. उस्मानचीच शिकवण: "पत्थराला न्हाऊ घाल माणिक, चामडी सोलू नको." दुपारी दगड लख्ख. दाराला नवं कुलूप घातलं. आला की दाखवीन.

८ ऑक्टो.
भाबी आली, उस्मानची बायको. कोहिनूर गावाहून पायी. उस्मानबरोबर इथं लपलेला एक जण तिला भेटला.
"माणिकअण्णा, कुलूप काढा. कुटं जायलेत ते त्यांनी भिंतीवर लिवून ठिवलंय म्हणं."
कुलूप काढलं. ती भिंतीवरून हात फिरवत राहिली. एवढी स्वच्छ भिंत.
मी म्हणालो, "वरून पाणी गळलं, भाबी. वाहून गेलं सगळं."
तिने वर घुमटातल्या फटीकडे पाहिलं. "वैशाखात त्यांनीच भरली होती न्हवं ती फट?"
"व्हय."
"बराबर भरली नसंल मग."
आणि गेली.

दसरा
दरसाल सोनं घेऊन पहिला उस्मान यायचा. दाराकडे बघत बसलो.
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका की तिला. कामून जीव जाळायलाव?"
काय सांगू? त्याचा शेवटचा शब्द मी पुसला, आणि वर त्यालाच कच्चा मिस्त्री ठरवला? त्याने बुजवलेल्या एकाही फटीतून अकरा वर्षांत थेंब आत आला नाही.

१७ ऑक्टो.
दिवसभर पाऊस. आत बसून फटीकडे टक लावली. एक थेंब गळला असता तरी माझं खोटं खरं झालं असतं. नाही गळला.
उघडीप पडल्यावर पहार घेऊन वर चढलो. चुन्यात त्याच्या बोटांचे ठसे आहेत, चारही. पहार टेकवली, काढली. तिथंच बसून रडलो.

२२ ऑक्टो. शुक्र.
भाबी आली. डोक्यावर चुन्याचं घमेलं, पदराला चुन्यात घालायचा गूळ बांधलेला.
"फट भरून घ्या अण्णा. माणूस कुटं हाय, अल्ला जाणे. काम तरी कच्चं ऱ्हाऊ नये त्यांचं."
बोलायला तोंड उघडलं तोच पाऊस आला. ती धावत आत गेली. मी दाराच्या आडोशाला वही काढून बसलोय, भेकड.
ती बरोबर फटीखाली उभी आहे, तळहात पसरून. बराच वेळ झाला. हात कोरडाच.
आता माझ्याकडे बघतेय.