दहा मोजेपर्यंत

मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. महेश्वरी हिस अनेक आशीर्वाद.

इकडं सर्व ठीक आहे. थंडी यंदा बरी पडली. येळवशीच्या सणाला तुमच्या शेतात गेलो होतो, भज्जी आणि आंबील पोटभर झाली. तुझ्या आईनं दोनदा विचारलं की तिकडं तुम्हाला ज्वारीची भाकरी देतात का. मी म्हणालो, देत असतील. मला माहीत नाही, पण म्हणालो.

ग्राउंडवर नवीन चुना टाकला. हॉकीच्या डीचा अर्धगोल गोलपोस्टपासून १४.६३ मीटर पाहिजे, तो पश्चिमेकडं अकरा सेंटिमीटर कमी भरत होता. तीन वर्षं आपण त्याच चुकीच्या रेषेवर खेळलो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आता बरोबर केला आहे. जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी आले होते, त्यांच्या टेपनंही तेवढाच भरला. "सर, तुम्ही कुठं शिकलात?" म्हणाले. मी सांगितलं, मोटारी भरता भरता. रिवाइंडिंगच्या दुकानात बसून नियमांचं पुस्तक सात वेळा वाचलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा.

काल सरावात आरोहीच्या नडगीला चेंडू लागला. नवी पोरगी आहे, चौदा वर्षांची, तुझ्यासारखीच पहिली धावणारी व्हायचंय तिला, पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून सगळ्यांच्या आधी चेंडूवर सुटणारी. ती बसली आणि बाकीच्या पोरी आपल्या रिवाजाप्रमाणं मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. सहापर्यंत आल्यावर मी शिट्टी मारली आणि म्हणालो, मोजायचं बंद. सगळ्या माझ्याकडं बघत राहिल्या. "सर, आमचं काय चुकलं का?" शिवांजलीनं विचारलं. ती अजून गोलमध्येच उभी राहते, कॉलेजला गेली तरी सुटीत येते. मी म्हणालो, तुमचं नाही.

हे पत्र मी सकाळी सात वाजता लिहायला घेतलं. आता साडेनऊ वाजलेत, आणि कागदावर चुना आणि भाकरीच आहे.

गुरुवारची तुझी मॅच आम्ही दुकानात बघितली. माझ्या मोबाइलवरून टीव्हीला जोडली होती, तीस-पस्तीस माणसं असतील. तिसऱ्या क्वार्टरला त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला, तू मास्क चढवलास आणि रेषेवर उभी राहिलीस. इथं पोरं ओरडायला लागली. चेंडू आत आला, तू सुटलीस, आणि त्यांच्या फ्लिकरनं मारलेला चेंडू मास्कच्या उजव्या कडेला लागून बाहेर गेला. तू पडलीस, उठलीस, अंगठा वर केलास. समालोचन करणारा म्हणाला, लीगमध्ये कौशल्यवाल्या खेळाडू पुष्कळ आहेत, पण संघाला जिंकायचं असेल तर अशी एक टणक मुलगी लागतेच. दुकानात टाळ्या पडल्या. माझ्या पाठीवर दोघा-तिघांनी थापा मारल्या.

त्यानंतर तू कुठं गेलीस ते मी बघितलं. तुमचा बचाव डावीकडच्या गोलपाशी होता. तू उजवीकडं चालायला लागलीस. सात-आठ पावलं गेलीस, मग तुमच्या कॅप्टननं हाताला धरून तुला वळवलं. तीस-पस्तीस माणसांत ते कुणाला दिसलं नाही. मला दिसलं, कारण तसं चालताना मी तुला आधी एकदा बघितलं होतं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "सर, मोजले मी. दहाच्या आत उठले." मग म्हणालीस, "डॉक्टर मॅडमनी विचारलं, आधी कधी डोक्याला मार लागला होता का. मी न्हाय म्हणलं. बरोबर आहे ना सर?"

मी बरोबर म्हणालो.

महेश्वरी, ते बरोबर नाही.

आता नीट क्रमानं लिहितो. ९ फेब्रुवारी २०२३, लातूर, विभागीय स्पर्धेची फायनल. तुला त्यातलं किती आठवतं ते मला माहीत नाही, आणि मी ते कधीच का विचारलं नाही तेच सांगायचं आहे.

त्याच्या आधीचे पंधरा दिवस मी तुझा पळ मोजत होतो. रेषेपासून आठ मीटर. मास्क घालून १.७४ सेकंद, मास्क न घालता १.६६. वीस-वीस वेळा मोजून सरासरी काढली होती, वहीत आहे. आठ शतांशाचा फरक. मी तुला म्हणालो, एवढ्यात चेंडू काठीवरून सुटतो, मास्क नको. तू म्हणालीस, "तोंडावर आला तर?" मी म्हणालो, पहिली धावणारी तोंडाचा विचार करत नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस.

हाताच्या घड्याळानं आठ शतांश मोजणारा मी शहाणा. आणि तो फरक मास्कचा नव्हताच. मास्क मोठ्या मापाचा होता, पळताना खाली घसरायचा आणि तू डाव्या हातानं तो सावरायचीस. त्यात वेळ जायचा. हे मला तेव्हाही दिसत होतं. पट्टा दोन बोटं आवळून एक टाका मारला असता तर झालं असतं. मोटारीचा बेल्ट सैल असला तर मी बेल्ट आवळतो, मोटार फेकून देत नाही. इथं मात्र मी मास्क काढून टाकला, कारण मास्क न घालता धावणारी पोरगी आपल्या संघात आहे हे लोकांनी बघावं असं मला वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू तुला उजव्या कानाच्या वर लागला. तू पडलीस. पोरी मोजायला लागल्या, मीही मोजत होतो, बाहेरून, मोठ्यानं. नऊवर तू उठलीस. अंपायरनं माझ्याकडं बघितलं, मी हात हलवून सांगितलं की चालू द्या. तू उरलेली अकरा मिनिटं खेळलीस. आधी चुकीच्या गोलकडं चाललीस, शिवांजलीनं हाक मारल्यावर वळलीस. आपण एक गोलनं जिंकलो.

परतीच्या जीपमध्ये महारुद्र गाडी चालवत होता. औशाला तू विचारलंस, "आपण जिंकलो का?" शिवांजली म्हणाली, "जिंकलो की गं येडे, कप तुझ्याच मांडीवर हाय." सगळ्या हसल्या. लामजन्याला तू परत विचारलंस, "आपण जिंकलो का?" तेव्हा महारुद्रही हसला. उमरग्याच्या अलीकडं तिसऱ्यांदा विचारलंस. तेव्हा मी एकटा हसलो नाही. मग पोरी बघतायत म्हणून हसलो.

दुसऱ्या दिवशी तू उलटी केलीस म्हणून तुला उमरग्याला दवाखान्यात नेलं. तुझे अप्पा बाजाराला गेले होते, म्हणून मीच आलो, हे तुला आठवत असेल. तू बाहेर बाकावर बसलीस. डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावलं. मेंदूला धक्का बसलेला आहे, सोलापूरला जाऊन सीटी स्कॅन करून घ्या, सहा आठवडे खेळ पूर्ण बंद, आणि पुढं कधीही डोक्याला लागलं तर हे आधीचं त्या डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण दुसरा मार पहिल्यापेक्षा वाईट असतो. हे सगळं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. अकादमीची निवड चाचणी अठरा तारखेला होती. आठ दिवस राहिले होते.

मी बाहेर आलो आणि तुला म्हणालो, नुसती सूज आहे, दोन दिवसांत उतरेल. संध्याकाळी अप्पांनाही तेच सांगितलं. चिठ्ठीच्या चार घड्या करून नियमांच्या पुस्तकात ठेवली. तुझी निवड झाली. तिथून तू पुढं गेलीस ती स्वतःच्या पायांनी, त्यात माझी काही फसवणूक नाही. पण पहिलं दार मी खोटं बोलून उघडलं.

आणि जीपमधली गोष्ट मी विनोद करून टाकली. तुझ्या सत्काराला स्टेजवरून सांगितली. "आमची महेश्वरी अशी, की जिंकून पण विचारते, जिंकलो का." शाळेत सांगितली, पत्रकाराला सांगितली, येईल त्या पाहुण्याला सांगितली. किमान चाळीस वेळा. सत्काराला सगळ्यात मोठ्यानं तुझे अप्पा हसले होते. दर वेळी सांगताना मला माहीत होतं की ते हसण्यासारखं नाही, आणि दर वेळी लोक हसले की मला जरा बरं वाटायचं.

काल, रविवारी सकाळी, मी तुमच्या घरी गेलो. अप्पा दुकान उघडायच्या घाईत होते. "बसा सर. चहा टाक गं," म्हणाले. मी म्हणालो चहा नको, आणि चिठ्ठी पुढं ठेवली. इंग्रजीत आहे म्हणून मीच वाचून दाखवली. या वेळी सगळी.

अप्पा खाली बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमी दुसरं काय वाचलं होतं?"

"हेच वाचलं होतं."

"मग आमाला सूज म्हणून सांगितलं."

"व्हय."

तुझी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "सर, एक विचारते. दहाच का मोजायचे? कुणी सांगितलं दहा?"

त्याचं उत्तर तिथंच द्यायला हवं होतं. तुला देतो. कुणीच सांगितलं नव्हतं. टीव्हीवर बॉक्सिंग बघून मी तो आकडा उचलला. तिथं दहा झाले की पडलेल्याची लढत थांबते, त्याला घरी नेतात. आपल्याकडं दहा झाले की खेळ सुरू. एवढी साधी गोष्ट मी उलटी उचलली आणि बारा वर्षं पोरींना शिकवली. चोळायचं नाही, बसायचं नाही, दहाच्या आत उठायचं. तुझ्या खेळात टणकपणा लागतो हे मी आजही म्हणेन. नडगीवर, मांडीवर, बोटांवर सोसावं लागतं, नाहीतर गोलच्या रेषेवर उभं राहू नये. पण काय सोसायचं आणि काय नाही, हे ज्याला लागतं त्यानं आणि डॉक्टरनं ठरवायचं असतं. मी बाहेर उभा राहून तुझ्या वाटचं ठरवलं आणि त्याला तुझा टणकपणा म्हणालो.

अप्पांनी विचारलं, "पोरगी शनिवारी खेळनार?"

"तिनं सांगितलं नाही तर खेळंल."

"आन सांगितलं तर?"

मी खरं ते सांगितलं. यंदाचा हंगाम बहुतेक जाईल. संघानं तिला पहिली धावणारी म्हणून घेतलंय, तिच्यापेक्षा काठीत सफाई असलेल्या मुली त्यांच्याकडं आहेत. धावायची नसेल तर पुढच्या वर्षी तिला ठेवतील का, ते मला माहीत नाही. जागा जाऊही शकते.

अप्पा उठले, दुकानाची किल्ली तुझ्या आईकडं दिली. "तिकीट काढा सर," म्हणाले, "मोबाइलवर तुमालाच येतंय." तिकीट मिळालं. आज दुपारच्या एसटीनं ते सोलापूरला जातील, तिथून गाडी. बुधवारी तुझ्याकडं पोचतील. हे पत्र आणि ती चिठ्ठी त्यांच्याबरोबर आहे. मीही येऊ का म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, "नको."

चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर पाठवता आला असता. पण तो बघून तू लगेच फोन केला असतास, आणि फोनवर मी काय करतो ते शुक्रवारी कळलं आहे. तू म्हणाली असतीस, असू द्या सर, मला काही होत नाही, आणि मी पुन्हा तसंच म्हणालो असतो.

तुला माझा राग यावा. आला नाही तर मला तुझी जास्त काळजी वाटेल, कारण राग गिळायलाही मीच शिकवलंय. उत्तर लिहू नकोस. डोकं दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नावं विसरत असशील, तर एकेक सांग मॅडमना, कमी करून सांगू नकोस. इथं काय बोलतील त्याचा विचार करू नकोस. बोलणाऱ्यांना मी चाळीस वेळा एक गोष्ट सांगितली आहे, आता तीच खरी करून सांगायला मला बरेच दिवस लागतील. आजपासून सुरुवात केली आहे. महारुद्रला सांगितलं. तो उठून गेला.

एक राहिलं. चिठ्ठीच्या तळाशी 'पालक' असं छापलेलं आहे आणि त्यापुढं माझी सही आहे. डॉक्टरांनी नातं विचारलं, मी पालक म्हणालो, त्यांनी विश्वास ठेवला. तुमच्या मॅडम ती सही बघून विचारतील, हे कोण. तेव्हा अप्पा तुझ्या शेजारी उभे असतील. त्यांच्याकडं बोट दाखव आणि सांग, माझे वडील हे आहेत, सही करणारा माणूस दुसरा आहे.

बब्रुवान