बोर्जेस अँड डॉटर, ब्रुअर्स, उत्तन

२ ऑक्टोबर १९९४, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या उद्योगांचा इतिहास पुढे कोणीतरी लिहितो आणि चुकीचा लिहितो. मूळ कागद आपल्याकडे असलेला बरा.

आज ड्राय डे, तरी ब्रुअरीची स्थापना आजच केली. स्थापना म्हणजे गेटवर पाटी लावली: बोर्जेस अँड डॉटर, ब्रुअर्स.

चोवीस वर्षं बोटीवर स्टुअर्ड आहे; कंपनीचं पुढचं बोलावणं येईपर्यंत घरी. लिव्हरपूलला बोट लागली की एका पबमध्ये जायचो. तिथे बीअर लाकडी पिंपातून यायची, हातपंपाने ओढून. गॅस नाही, बर्फ नाही. पिंपातसुद्धा ती जिवंत असते, हळूहळू आंबत राहते. तिला एल म्हणतात. तो पब बंद पडला तेव्हा मालकाने मला पंपाची पितळी मूठ आठवण म्हणून दिली. ती आज व्हरांड्यातल्या टेबलाला बसवली. मूठ झाली. आता फक्त बीअर राहिली.

व्हॅलेरीचं लग्न १५ जानेवारीला. तिच्या बाप्तिस्म्याला मी एडनला होतो, फर्स्ट कम्युनियनला रॉटरडॅमला, दहावीच्या रिझल्टला कुठल्यातरी समुद्रात. लग्नात मात्र तिच्या बापाच्या हातची एल. बाटलीतली बीअर एकही येणार नाही, असं लूर्डसला स्पष्ट सांगितलं. लूर्डस बरं म्हणाली. बायको असावी तर अशी.

५ ऑक्टोबर
परवान्यासाठी अर्जाचा कोरा नमुना आणला. 'धंद्याचे स्वरूप' या रकान्यात दोनच ओळी जागा. दोन ओळींत काय मावणार? विचार करून भरीन.

१९ ऑक्टोबर
गेल्या आठवड्यात भाईंदरच्या वाण्याकडून जवाचं पोतं आणलं. घरात किडनीचा त्रास कोणाला आहे, असं त्याने हळूच विचारलं. हसलो नाही. काळाच्या पुढे असलेल्या माणसाने हसू नये.

जव भिजवून मोड आणले. गच्चीवर वाळत घातले, लूर्डसच्या बोंबलांशेजारी.

२१ ऑक्टोबर
बोंबलांवर जाळं होतं. जवांवर नव्हतं. अर्धे चिमण्यांनी नेले. उरलेल्यांना बोंबलांचा वास लागलाय. विलायतेत माल्ट धुरावर वाळवतात, त्यालाही वास येतोच. तिथे त्याला कॅरेक्टर म्हणतात.

अर्ज: 'डॉटर' हा शब्द मराठीत लिहावा की कसा? उद्या बघू.

३ नोव्हेंबर
लाकडी पिंप करणारा माणूस अख्ख्या मुंबईत मिळाला नाही. मग डोक्यात आलं, मुर्ध्याचा शिवा आहे की. होड्या बांधतो, तीन पिढ्यांचं काम. गोल लाकूड वाकवणं त्याच्या हातात आहे. चित्र काढून दाखवलं. पुढची बाजू कुठली, असं त्याने विचारलं. म्हटलं, पुढची बाजू नाही, दोन्हीकडे सपाट. त्याने चित्र उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हो म्हणाला.

२० नोव्हेंबर, रविवार
पिंप आलं. काय देखणं काम! फटींमध्ये बाहेरून कापूस ठोकलाय, वर राळ, त्यावर होडीला लावतात तसं मुशी माशाचं तेल, आतून-बाहेरून दोन हात. भर समुद्रात टाका, थेंब आत शिरणार नाही, असं शिवा छातीवर हात ठेवून म्हणाला. असं पिंप लिव्हरपूलकरांच्या बापाने पाहिलं नसेल.

लूर्डस नाकाला पदर लावून आत गेली. वास मुरेल.

२७ नोव्हेंबर
यीस्टचा प्रश्न सुटला. लूर्डस सणासुदीला पिठाचे फुगे तळते ते ताडी घालूनच. पीठ कसं वर येतं! म्हणजे आमच्या लोकांनी यीस्ट कधीच शोधून ठेवलंय, फक्त जगाला सांगितलं नाही. हॉप्सची फुलं इथे मिळत नाहीत. कडवटपणाच हवा ना? दारात कडुनिंब आहे.

४ डिसेंबर, रविवार. दुपारी ३.
बादलीभर नमुना तयार केला. होणारा जावई प्रिन्स भाईंदर पूर्वेहून आला होता, त्याला पहिला ग्लास. अंकल, डिफरंट आहे, असं म्हणाला. मग दोनदा पाणी मागितलं आणि पाऊण तास मागच्या अंगणात एकटाच बसून राहिला. मुलगा विचारी आहे.

डिफरंट हा शब्द जाहिरातीत वापरता येईल.

१८ डिसेंबर
एलला तळघर लागतं. बारा डिग्री. आमच्याकडे तळघर नाही आणि डिग्र्या तीस. आंघोळ करताना सुचलं: विहीर! आपली स्वतःची, दगडी, भर उन्हाळ्यातही गार. पिंप दोराने गळ्यापर्यंत विहिरीत सोडायचं. हे इंग्रजांना सुचलं नाही.

लूर्डसने एकच शंका काढली. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी याच विहिरीतून काढायचंय, त्याचं काय? आमच्यात बँड लावून, गाणी म्हणत नातेवाईक विहिरीवर येतात, पाणी नेतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. मी म्हटलं, पिंप एका बाजूला, घागर दुसऱ्या बाजूला. मुशीचं तेल लावलेल्या लाकडातून पाणी आत जात नाही, तर बाहेर कसं येईल?

७ जानेवारी १९९५
पिंप भरलं. झाकणाचा खुंटा स्वतः हातोड्याने ठोकला. दोर बांधून खाली सोडलं. व्हॅलेरी बघायला आली होती. कठड्याला टेकून तिने विचारलं, लग्नातल्या सगळ्यांना पुरेल का. म्हटलं, उरेल. ती हसली. चोवीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा काही करून दाखवतोय.

११ जानेवारी
पिंपातून फुसफुस आवाज येतोय. जिवंत आहे.

१३ जानेवारी
आवाज बंद. झोपली असेल.

अर्ज लग्नानंतर. घरच्या कार्याला परवाना कशाला?

१४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६.
चारला बँड आला. नातेवाईक गात गात विहिरीवर आले. व्हॅलेरीच्या मावशीने घागर सोडली, ओढली. वर फेस.

बँडवाले वाजवत राहिले. मावशीने ओंजळ नाकाशी नेली आणि घागर खाली ठेवली. मग क्लॅरिनेट थांबलं, मग ढोल. मी दोर ओढला तर पिंप हलकं लागलं. फटींतला कापूस बाहेर येऊन पाण्यावर तरंगत होता. सगळी एल विहिरीत. कडुनिंब, ताडी, मुशीचं तेल, सगळं.

मी म्हणालो, उपसून दुसरं पाणी येईल, अर्धा तास द्या. लूर्डसने माझ्याकडे बघितलंही नाही. ती शेजारच्या सुगंधावहिनींच्या गेटकडे गेली आणि त्यांच्या विहिरीचं पाणी मागितलं. त्या हो म्हणाल्या. सगळे तिकडे वळले. व्हॅलेरी मावशीचा हात धरून गेली. बँड पुन्हा सुरू झाला, भिंतीपलीकडे.

मी कठड्यावर बसून राहिलो. रडलो. तेलाचा वास डोळ्यांत गेला असणार.

१५ जानेवारी, रविवार
लग्न छान झालं. जेवण सुरू होताना एक टेम्पो मागच्या दाराला लागला. बाटल्यांचे क्रेट. सगळ्यांना पुरून उरले. ऑर्डर कधी दिली, असं लूर्डसला विचारलं. तीन ऑक्टोबरला, असं तिने सांगितलं. मी पाटी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

एक बाटली मीही प्यालो. गार होती.

१७ जानेवारी
विहिरीवर डिझेल पंप लावलाय. तिसरा उपसा. वास जात नाही. शिवाला बोलावून पिंप दाखवलं. चार शब्द सुनावायचे ठरवलं होतं. त्याने फटीत बोट घातलं, आतून बाहेर फिरवलं आणि शांतपणे म्हणाला, "मायकेलशेठ, होरीला पानी बाहेरून दाबतं. तुमचं पानी आतून दाबलं, त्याला मी काय करू?"

पिंप त्याने परत नेलं नाही.

संकल्प: पुढच्या पिंपाला कापूस आतून ठोकायचा.

२२ जानेवारी, रविवार
व्हॅलेरी आणि प्रिन्स पहिल्यांदा जेवायला आले. व्हॅलेरीने आल्या आल्या पाणी मागितलं. लूर्डसने टँकरच्या पिंपातलं दिलं. मी व्हरांड्यात पितळी मूठ पुसत बसलो होतो. ती ग्लास घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. कापूस आतून ठोकण्याची आयडिया मी तिला समजावली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "पप्पा, तू परत बोटीवर कवा जानार?"

लहानपणी रजा संपत आली की हाच प्रश्न ती गेटला लोंबकळून विचारायची. मी नक्की तारीख कधी सांगायचो नाही, कारण सांगितली की ती रडायची. आज मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तारीख सांगितली असती तर तिने लक्षात ठेवली असती, एवढंच.

कंपनी बोलावेल तेव्हा, असं म्हणालो. ती बरं म्हणाली. अगदी आईसारखं.

संध्याकाळी ५.
मंडळी गेली. लूर्डसने माझी बोटीची ट्रंक माळ्यावरून काढून अंगणात उन्हाला ठेवलीय. कसर लागते म्हणून.