ग्यानबाच्या वावरात सहा लाइट

१५ ऑक्टोबर १९७५
कालचं भाषण जोरदार झालं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेत आसेगावात इतक्या टाळ्या आजवर कोणाला पडल्या नसतील. विषय: भूत नावाची वस्तू नाही. घरी येताना बायकोला विचारलं, कसं वाटलं. भागिरथा म्हणाली, "चांगले बोलले. आता रात्री मागच्या दारी जायाचं असंन तर मले उठवू नका." विज्ञानाचा गंध नाही.

१८ ऑक्टोबर
रतनलाल शेठ शेलूबाजारहून आले. ट्रॅक्टर त्यांचा, ड्रायव्हर मी. म्हणाले, "देवमन, ओल उडून राह्यली, गिऱ्हाईक थांबत नाही. आता अंधार पडल्यावरबी नांगरा लागते." पहिला नंबर ग्यानबाच्या वावराचा. ते मसणवटीला लागून आहे. मला त्याचं काही नाही. पण दोन लाइटवर नांगरट वाकडी होईल, असं सांगितलं. शेठ म्हणाले, जऊळक्याचा एक ड्रायव्हर रिकामा बसून आहे, त्याला बोलावतो. मी लगेच म्हणालो, चार लाइट वाढवून द्या, वाटेल तेवढा वेळ चालवतो. हे मी का बोललो?

२१ ऑक्टोबर
जुन्या जीपचे चार लाइट मिळाले. निश्चय: वायरिंग स्वतः करायचं. प्लॅन: दोन मागे, नांगर दिसावा म्हणून. मागून कोणी येतंय का ते बघायला नव्हे. एक उजवीकडे, एक डावीकडे. मसणवट डावीकडे आहे हा योगायोग.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळ
स्विच दाबला. धूर. फ्यूज लावायचा राहिला होता. बोटाला चटका. मी करंटला भीत नाही, पण बॅटरीजवळ जाताना हात आपोआप मागे येतो. शेवटी फ्यूज लावला. सहाच्या सहा लाइट लागले. अंगणात भर दुपार. ग्यानबा पाहायला आला होता, म्हणाला, "वावर नांगरतं का तिथं लगन लावतं?" अडाणी माणूस.

२५ ऑक्टोबर
आज सुरू करणार होतो. कंबर धरली.

२६ ऑक्टोबर
कंबर ठीक. एक बल्ब पिवळा वाटला. घाई नको.

२७ ऑक्टोबर
शेठचा निरोप. उद्या नांगरट सुरू झाली नाही तर परवा जऊळक्याचा ड्रायव्हर येतोय. सगळे बल्ब ठीक आहेत.

२८ ऑक्टोबर, रात्री
ही वही कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. अंधार पडल्यावर सहाही लाइट लावून नांगर टाकला. उजेड उत्तम. तीच अडचण झाली. एरवी मसणवट नुसती काळी दिसते. डाव्या लाइटनं तिचा दगड न् दगड दाखवला. बाभळींच्या सावल्या ट्रॅक्टरबरोबर चालायला लागल्या. मी थांबलो की थांबत, निघालो की निघत. डायनामोला सहा लाइट झेपेनात. ते पिवळे पडले, मग लाल. मी खाली उतरलो. ट्रॅक्टर चालू होता, पण उतरलो. याला पळणं म्हणत नाहीत. धावलो ते नंतर, थंडी होती म्हणून.

२९ ऑक्टोबर
गाव हादरलंय. काल ग्यानबाच्या वावरात ट्रॅक्टर रिकामाच चालत होता. ग्यानबानं रस्त्यावरून पाहिलं, सीटवर कोणी नाही आणि सहा डोळे लाल. धुऱ्याच्या बांधाला अडकून बंद पडला म्हणे. "नांगराचं तास असं सरळ निंगालं का देवमनच्या बापाच्यानं निंगणार नाही," असं तो सगळ्यांना सांगतोय. मी जेवायला घरी आलो होतो, एवढंच मी सांगितलं.
दुपारी विहार समितीचे अध्यक्ष माणिकराव आले. "लोकं भेले. हे काम तुमचंच हाये. उद्या अंधार पडल्यावर त्याच वावरात एकट्यानं नांगरून दाखवा. आमी सारे रस्त्यावर उभे राह्यतो." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
भागिरथा म्हणाली, "खरं सांगून टाका." कसं सांगू? नाव जाईल, नोकरीही जाईल. शिवाय आता मला वाटतंय, उतरताना मी गिअर काढला होता. काढलाच होता. मग ट्रॅक्टर चालवला कोणी?

३० ऑक्टोबर, रात्री
बॅटरी उतरलेली. लोकांनी धक्का मारून ट्रॅक्टर सुरू करून दिला आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. लाइटची देखभाल करायला माणूस लागतं, असं सांगून भागिरथाला मडगार्डवर बसवलं. पहिलं तास निघालं. रस्त्यावरून टाळ्या. दुसऱ्या तासाला नांगरात बाभळीची फांदी अडकली. ती काढायला भागिरथा उतरली आणि उजेडाबाहेर गेली. मी ओरडलो, "भागिरथा, मले सोडून जाऊ नको, मले भेव वाटते."
इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसतं. पण ओरडताना क्लचवरचा पाय सुटला आणि इंजिन नेमकं तेव्हाच बंद पडलं. सहाही लाइट गेले. सगळ्या आसेगावानं ऐकलं.
मग ग्यानबाचा आवाज आला, "थांब बाप्पा, आमीबी येतो. इथं उभं राह्याचं आमालेबी भेव वाटून राह्यलं." सगळे आले, धक्का मारला आणि नांगरामागे चालत राहिले. वावर पूर्ण झालं. माझ्या भाषणाचा हा परिणाम.

३१ ऑक्टोबर
रतनलाल शेठ म्हणाले, रोज एवढी माणसं कुठून आणू? रात्री जऊळक्याचा ड्रायव्हर, दिवसा मी. मीही हेच सुचवणार होतो. त्याला सहाही लाइट लावून दाखवले. त्यानं मागचे आणि बाजूचे बंद केले. म्हणाला, दोन पुरतात.
भागिरथा म्हणाली, "बरं झालं. आता रात्री सुखानं झोपा." मी म्हणालो, झोपतो. पण कंदील विझवू नको.