धाकट्याच्या पानासाठी जागा

३ जून
धाकट्याचं इंटरनेटवरचं पान पुन्हा बंद. सकाळी नऊपासून एकपर्यंत! तेवढ्यात कुणी त्याला कुठे पाहिलं असेल, कळवायला पान उघडलं असेल, तर? धाकटा घर सोडून गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सहा वर्षं झाली. पानावर त्याचा फोटो, उंची, हनुवटीवरची खूण आणि खाली निरोप लिहायची चौकट. बाकी काही नाही.

५ जून
होस्टिंगवाल्याला, म्हणजे पानाला इंटरनेटवर जागा भाड्याने देणाऱ्याला, फोन केला. आवाजावरून आमच्या थोरलीच्या वयाचा. म्हणाला, काकू, तुमचं शेअर्ड आहे. एका सर्व्हरवर तीनशे वेबसाइट. शेजारच्या साइटवर गर्दी झाली की तुमची गुदमरते. डेडिकेटेड घेतलंत तर अख्खा सर्व्हर तुमचा — पण एका पानासाठी कुणी घेत नाही.
विचार करते म्हटलं.

६ जून
जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "आपला सगळा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला, आणि पानाला बंगला!" थोरली हसली. मीही हसले.
भांडी पुसताना थोरली हळूच म्हणाली, "आई, पान बंद पडतं म्हणून तो सापडत नाही, असं वाटतं का तुला?"
पुसलेलं ताट मांडणीवर ठेवलं. हो. असंच वाटतं.

९ जून
शेअर्डच राहू दे. थोरलीचं खरं आहे.

१० जून
पान बंद. वीस मिनिटं. तेवढ्यात कपाट आवरलं. त्याचे शर्ट आता त्यालाही होणार नाहीत — भरला असेल अंगाने.

११ जून
होस्टिंगवाल्याला विचारलं, चौकटीत लिहिलेले निरोप माझ्या मेलवर तरी पोचतात ना? पहिल्या वर्षी अधूनमधून यायचे. मग आटले. लोक विसरले, असं मी धरून चालले.
त्याने तपासलं. मग सांगितलं — शेजारच्या कुठल्याशा साइटने भाराभर फालतू मेल पाठवले होते, म्हणून त्या सर्व्हरवरून निघणारं सगळंच टपाल वाटेत अडवलं जात होतं. माझंही. पाच वर्षं!
लोकांनी लिहिलेलं मग कुठे गेलं?
"गेलं नाही, काकू. सर्व्हरवर साठलंय. पान हलवताना काढून देतो."
डेडिकेटेड घेतलं. यांना विचारलं नाही.

१२ जून
यांना सांगितलं. चिडतील वाटलं होतं. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, निरोप कधी मिळणार?

१४ जून
पान नव्या जागी गेलं. झटकन उघडतं. दहा वेळा उघडून पाहिलं. हे खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

१५ जून
अडकलेले निरोप आले. सत्तेचाळीस. बहुतेक जाहिराती. तीन त्याचे.
शेवटचा गेल्या हिवाळ्यातला. "आई, तिसऱ्यांदा लिहितोय. मी बरा आहे. पानावरचा फोटो काढून टाक. कामाच्या जागी लोक फोटो दाखवून विचारतात. दोन नोकऱ्या सोडल्या. शोधू नकोस."
पत्ता नाही. नंबर नाही.
हे एवढंच म्हणाले — काढून टाक.

१६ जून
फोटो काढून टाकला. चौकट ठेवली.
फोटो राहू दिला असता, तर काढून टाक म्हणायला तरी त्याने चौथ्यांदा लिहिलं असतं.