लाटांचा बर्फ

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला यांपैकी जे जास्त कुरकुरत असेल त्याची विचारपूस आधी समजावी. आम्ही खुशाल आहोत आणि कोरडे आहोत. (दुसरी गोष्ट मुद्दाम लिहिली, ती आपल्याकडे नवी आहे.) तीन वर्षांपूर्वी कमरेएवढ्या पाण्यातून तू निघालीस ते तुझं किनाऱ्यावरचं घर विकलं गेलं का, असं तू तिसऱ्यांदा विचारलंयस. सांगतो, पण ओळीने सांगतो.

बंदराच्या तोंडाशी इंजिनीअर बाईंनी पिवळी पिंपं साखळदंडांनी बांधून तरंगत सोडली आहेत. लाट आली की पिंपं वर, गेली की खाली, आणि त्यातून वीज. याविषयीच्या पहिल्या गावसभेत मी उठून म्हणालो होतो की समुद्र काही आपल्या घरचा गडी नाही. टाळ्या पडल्या. (टाळ्यांवर जाऊ नये हे या वयातही मला कळत नाही.) आता ती वीज माझ्याच बर्फाच्या कारखान्याला मिळते आणि बाईंचं कौतुक करताना माझं तोंड दुखतं. पण पहिल्या महिन्यात अशी फजिती झाली की विचारू नकोस. समुद्र खवळला की विजेचा पूर आणि लाद्यांवर लाद्या, पण अशा समुद्रात होड्या घालणार कोण? बर्फ वितळून गटारात. समुद्र निवला की होड्या मासळीने भरून परत, आणि लाटा नाहीत म्हणून बर्फ नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. बाई तीन दिवस वहीत आकडे मांडत होत्या. मी सुचवलं की होड्या खवळलेल्या समुद्रातच न्याव्यात, तेव्हा होडीवाल्यांच्या म्होरक्याने मला पुढे बसायचं आमंत्रण दिलं.

शेवटी तुझी भावजय बोलली. "अहो, सरपण काय लागेल त्या दिवशी तोडतात का?" एवढंच. मिठाची जुनी कोठी रिकामी पडलीच होती, भिंती हातभर जाड. तिथे भुसा पसरून वादळातला बर्फ रचला, तो शांत दिवसांत पुरून उरला. बाईंनी वही मिटली आणि हिचे दोन्ही हात धरले. मला इतका अभिमान वाटला की ही कल्पना आपलीच, असं मी चार लोकांना सांगितलं.

आणि पिंपांनी लाटेचा जोर आधीच काढून घेतलेला असतो, किनाऱ्याला येते ती दमून येते. परवाच्या मोठ्या वादळात सवयीने धान्याचे डबे माळ्यावर चढवले, गाद्या चढवल्या, स्वतः चढलो. दुपारभर वाट पाहिली. पाणी काही आलं नाही, तेव्हा चहासाठी खाली उतरलो.

भावोजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक भाऊ

ता. क. घराला तीन गिऱ्हाईकं आली होती. पहिल्याला मी सांगितलं, पाणी स्वयंपाकघरात येतं. दुसऱ्याला सांगितलं, छतापर्यंत येतं. तिसरा पोहता येतं म्हणाला, म्हणून त्याला किल्ली हरवल्याचं सांगितलं.

पुन्हा ता. क. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं ते लिहा. तर वादळात माळ्यावर ही एकटीच होती. मी तुझ्या घराच्या पायरीवर बसलो होतो. ही मला शोधत आली आणि रागवायचं सोडून शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत पाहिलं, पाणी पायरीला शिवलं नाही. ताई, घर विकू नकोस. परत ये.